टेबलावरची अठरा चाके

अमेरिकेच्या महामार्गावर धावणाऱ्या अजस्र मालवाहू ट्रकला तिथे ‘अठरा चाकी’ म्हणूनच ओळखतात. पुढे दोन चाके, इंजिनाच्या धुडाच्या मागच्या दोन आसांवर आठ आणि जोडलेल्या ट्रेलरखाली आठ. ट्रेलरची नेहमीची लांबी ५३ फूट, म्हणजे १६ मीटरहून थोडी जास्त. माल भरल्यावर या गाडीचे वजन ३६ टनांपर्यंत जाते. हाच ट्रक २५ पट लहान केला, तर ट्रेलर जेमतेम ६५ सेंटिमीटरचा होतो आणि अख्खी गाडी जेवणाच्या टेबलावर मावते. अशा हुबेहूब छोट्या प्रतिकृती स्वतःच्या हाताने जोडण्याचा, त्यांत मनाजोगते फेरफार करण्याचा छंद अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये गेली पन्नासहून अधिक वर्षे चालत आला आहे.

हा छंद वरवर पाहता खेळण्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो डोळे, बोटे, मान, फुप्फुसे आणि मन या सगळ्यांशी संबंधित आहे. त्याचे फायदे खरे आहेत आणि धोकेही खरे आहेत. गोंद, पाते, रंगाचा फवारा आणि भिंग ही साधने गणपतीची आरास करणारे, शाळेचे प्रकल्प करणारे, शोभेच्या वस्तू बनवणारे आपल्याकडचे असंख्य लोकही वापरतात. त्यामुळे या ट्रकवाल्यांच्या अनुभवातून शिकण्यासारखे बरेच आहे.

एक इंच म्हणजे एक मिलिमीटर

या छंदातले सर्वांत रुळलेले प्रमाण १:२५ हे आहे. अमेरिकेतल्या एएमटी या कंपनीने १९७०च्या दशकात पीटरबिल्ट ३५९, केनवर्थ डब्ल्यू-९२५ अशा ट्रकांचे जोडणी संच याच प्रमाणात बाजारात आणले. १९७४ ते १९७६ या काळात तिथल्या दूरचित्रवाणीवर दोन ट्रकचालकांच्या आयुष्यावरची ‘मूव्हिन ऑन’ ही मालिका गाजत होती, तिचाही या संचांना हातभार लागला. इटलीच्या इटालेरी कंपनीने युरोपीय ट्रक १:२४ प्रमाणात आणले. जपानच्या तामिया कंपनीचे रिमोटवर चालणारे ट्रक १:१४ प्रमाणातले असतात, त्यांच्या हिशेबाने ५३ फुटी ट्रेलर ११५ सेंटिमीटरचा होतो.

१:२५ प्रमाणात खऱ्या गाडीतला एक इंच जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर होतो. ट्रेलरच्या पोटाखाली असलेली जी जाड खुंटी ट्रकच्या पाठीवरच्या गोल तबकडीत अडकते, तिचा व्यास खऱ्या गाडीत दोन इंच असतो, प्रतिकृतीत दोन मिलिमीटर. हवेच्या ब्रेकची अर्ध्या इंचाची नळी इथे अर्ध्या मिलिमीटरची तार बनते. संचात मिळतो तसा ट्रक जोडून थांबणारे थोडेच. बहुतेकांना सांगाडा कापून लांबवायचा असतो, चालकाच्या झोपण्याची खोली मोठी करायची असते, दोन संचांतले भाग एकत्र करायचे असतात किंवा प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून ट्रेलर मुळापासून बनवायचा असतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, की ती खऱ्या गाडीतल्या अर्ध्या इंचाएवढी डोळ्यांत भरते.

चालकाच्या आयुष्यातला विसावा

हा छंद जोपासणाऱ्यांत ट्रकचालकही असतात. नोकरीत चालवलेला ट्रक, त्याच रंगाचा, त्याच धुराड्यांचा, निवृत्तीनंतर टेबलावर उभा करणारे त्यांच्यात भेटतात. लांब पल्ल्याच्या चालकांचे आरोग्य हा तिथे काळजीचा विषय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१०मध्ये केलेल्या पाहणीत अशा चालकांपैकी ६९ टक्के लठ्ठ आढळले, तर एकूण नोकरदारांत हे प्रमाण ३१ टक्के होते. धूम्रपान करणारे चालक ५१ टक्के होते, इतर नोकरदारांत १९ टक्के. तिथला कायदा एका पाळीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू देतो. इतके तास एकट्याने बसून काढलेल्या माणसाचे निवृत्तीनंतर एकदम रिकामपण आले, की मन खचण्याची शक्यता वाढते.

छंदाचा इथे नेमका काय उपयोग होतो? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२३मध्ये १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३,२६३ लोकांची माहिती तपासली. ज्यांना कोणता तरी छंद होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान जास्त आढळले. अर्थात, अशा अभ्यासातून छंदामुळेच मन प्रसन्न राहते असे ठामपणे सिद्ध होत नाही, कारण मुळात प्रकृती बरी असलेला माणूसच छंद सहज जोपासू शकतो. तरीही देश वेगवेगळे असताना निष्कर्ष सारखाच निघणे महत्त्वाचे आहे. हाताला अर्थपूर्ण काम देऊन रुग्णाला उभे करण्याची कल्पना वैद्यकाला नवी नाही. व्यवसायोपचार शास्त्राची अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय संघटना १९१७मध्ये स्थापन झाली, तेव्हा विणकाम, सुतारकाम ही उपचाराचीच साधने होती.

गोंद नव्हे, द्रावक

संचातले भाग पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात. आपल्याकडे मखरासाठी वर्षानुवर्षे वापरला गेलेला आणि २०१८च्या राज्य सरकारच्या बंदीने चर्चेत आलेला थर्माकोल म्हणजे हेच प्लास्टिक, फक्त फुगवलेले. ते जोडायला लागणारा ‘गोंद’ खरे तर गोंद नसतोच. तो द्रावक असतो. दोन्ही कडा तो किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. थर्माकोलवर चुकीचा गोंद लावला की त्याला खड्डे पडतात, ते याच कारणाने.

हा उडून जाणारा द्रावक जातो कुठे? खोली बंद असेल तर फुप्फुसांत आणि तिथून रक्तात. ब्युटेनोन, ब्युटाइल ॲसिटेट, टोल्युइन अशी ही रसायने मेदात सहज विरघळतात आणि मेंदू हा मेदाने समृद्ध अवयव. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही पहिली लक्षणे. वास येणे बंद झाले म्हणजे वाफ संपली, असे समजू नये. नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावते, वाफ मात्र खोलीत तशीच असते.

या गोंदाचा इतिहासही बोलका आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतली मुले प्रतिकृतींचा गोंद नशेसाठी हुंगू लागली. त्यावर उपाय म्हणून टेस्टर्स या कंपनीने गोंदात मोहरीचे झणझणीत तेल मिसळले, म्हणजे कोणी मुद्दाम हुंगलाच तर नाक झोंबावे. टोल्युइन दीर्घकाळ हुंगल्यास मेंदूतील श्वेत द्रव्याची झीज होते, चालताना तोल जातो आणि मूत्रपिंडाच्या बिघाडाने रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. आपल्या शहरांत रेल्वे स्थानकांच्या आसपास पंक्चरचे सोल्युशन किंवा खोडरंगाचा पातळ द्रव हुंगणारी मुले दिसतात, त्यांचा धोका याच जातीचा आहे.

काही जलद द्रावकांत डायक्लोरोमिथेन असते. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. विदर्भात मे महिन्यात दुपारचे तापमान याच्याही वर जाते, हे ध्यानात घेतले की धोक्याची कल्पना येते. शरीरात गेल्यावर यकृत त्याच्या काही भागाचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करते. हाच वायू बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे जीव घेतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या माणसाला यामुळे छातीत दुखू शकते, तेही खोलीबाहेर पडल्यानंतर काही तासांनी. करोनाकाळात घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण तो कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन ओळखू शकत नाही आणि आकडा चांगलाच दाखवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४मध्ये या रसायनाच्या सर्व घरगुती वापरावर बंदी आणली.

फेव्हिक्विक आणि डोळा

बारीक धातूचे भाग चिकटवायला सायनोॲक्रिलेट लागते, आपल्या बोलीत फेव्हिक्विक. हवेतला आणि त्वचेवरचा ओलावा मिळताच ते घट्ट होते, म्हणून बोटे क्षणात चिकटतात. अशा वेळी ती ओढून सोडवू नयेत, त्वचा फाटते. कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि बोटे हळूहळू एकमेकांवरून फिरवत सोडवावीत. सांडलेले सायनोॲक्रिलेट कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नये. सुताशी त्याची अभिक्रिया होऊन इतकी उष्णता निर्माण होते की त्वचा भाजते.

डोळ्याची गोष्ट अधिक गंभीर. छोट्या बाटलीतला हा गोंद डोळ्याचे औषध समजून डोळ्यात घातल्याच्या घटना जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. असे झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत, ओली पट्टी ठेवून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पापण्या बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात, पण बुबुळाला ओरखडा गेला आहे का हे तपासावेच लागते. गोंद आणि औषध एका कपाटात, एका खणात कधीही ठेवू नयेत. गंमत अशी की याच कुळातल्या एका शुद्ध रूपाला १९९८मध्ये अमेरिकेत जखम चिकटवण्यासाठी मान्यता मिळाली आणि आज शल्यचिकित्सक काही जखमांना टाक्यांऐवजी तेच वापरतात.

चकाकी, धूळ आणि मुखपट्टी

अमेरिकी ट्रकचे खरे वैभव म्हणजे त्याची चकाकी. आरशासारखे बंपर, उभी धुराडी आणि काचेसारखा रंग. ही झळाळी आणायला काही जण मोटारींसाठी बनवलेला दोन घटकांचा पारदर्शक लेप फवारतात. त्याच्या कठीणकात आयसोसायनेट असते. मोटार रंगवणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्याचे ते प्रमुख कारण आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प मात्राही दम्याचा जोरदार झटका आणू शकते. घरात, बाल्कनीत किंवा साध्या मुखपट्टीवर हा लेप फवारू नये. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पुष्कळ सुरक्षित असतात, तरी फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब श्वासात जाऊ नयेत म्हणून खिडकीबाहेर हवा खेचणारा पंखा हवाच.

मुखपट्टीबाबत मोठा गैरसमज आहे. एन-९५ मुखपट्टी धूळ अडवते, वाफ अडवत नाही. राळेचे भाग घासताना ती उपयोगी, द्रावक वापरताना निरुपयोगी. वाफेसाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो आणि ती डबी ठरावीक काळाने बदलावी लागते. घासकाम पाण्याने ओले करून केले, तर धूळ हवेत उडतच नाही. हा सर्वांत स्वस्त उपाय.

संचातल्या भागांवरचा चांदीसारखा मुलामा म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर. नवा रंग देण्यापूर्वी तो काढायला भाग ब्लीचमध्ये बुडवतात आणि तो काही वेळात निघून जातो. पण ब्लीचमध्ये संडास स्वच्छ करण्याचे आम्ल मिसळले तर क्लोरिन वायू तयार होतो आणि अमोनिया मिसळला तर क्लोरॅमिन. दोन्ही फुप्फुसांना पोळतात. ही चूक छंदापेक्षा घरच्या साफसफाईतच जास्त होते.

आणखी एक गोष्ट जुन्या संचवाल्यांना ठाऊक असते. वर्षानुवर्षे डब्यात पडलेल्या संचाचे मऊ टायर आणि कडक चाके एकमेकांना लागून असतील, तर चाके वितळल्यासारखी होतात. टायर मऊ राहावा म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेले तेलकट रसायन हळूहळू बाहेर झिरपते आणि शेजारच्या चाकाला खाते. रक्ताच्या मऊ पिशव्यांतही अशाच गटातली रसायने असतात आणि तीही थोड्या प्रमाणात रक्तात उतरतात. म्हणूनच अकाली जन्मलेल्या बाळांसाठी पर्यायी प्लास्टिक शोधण्याचे प्रयत्न झाले.

शिसे आणि लहान मुले

दिव्यांच्या तारा जोडायला डाग द्यावा लागतो. कथील आणि शिसे यांचे नेहमीचे मिश्रण १८३ अंशांच्या पुढे वितळू लागते. या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका बोटांना लागलेले शिसे तोंडात जाण्याचा. धूर दिसतो तो राळेचा असतो आणि तो दम्याला निमंत्रण देऊ शकतो. ओतीव धातूच्या काही जुन्या सुट्या भागांतही शिसे असते. मोठ्या माणसाने काम झाल्यावर हात साबणाने धुतले, टेबलावर खाणेपिणे टाळले, तर धोका नगण्य. रांगणाऱ्या मुलाचे तसे नसते. जमिनीवर पडलेला कण त्याच्या तोंडात जातो आणि शिसे वाढत्या मेंदूवर परिणाम करते. मुलांच्या रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी नाही. घरात लहान मूल असेल तर शिसेविरहित मिश्रण वापरावे आणि जागा ओल्या फडक्याने पुसावी.

हात थरथरतो तेव्हा

हा छंद सोडून देण्याचे एक कारण म्हणजे हाताची थरथर. प्रत्येकाचा हात थोडा थरथरतोच, सेकंदाला ८ ते १२ वेळा, एरवी दिसणार नाही इतका. चहा-कॉफी, अपुरी झोप, रक्तातली साखर उतरणे, थायरॉइडचे आधिक्य आणि दम्याची काही औषधे यांनी ही थरथर वाढते. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवले की ती निम्म्याहून कमी झाल्यासारखी वाटते. म्हणून अनुभवी कारागीर हवेत हात ठेवून काम करत नाहीत.

पण ब्रश नेमका टोकाशी नेतानाच दोन्ही हात कापत असतील, घरात आई-वडिलांपैकी कुणाला असाच त्रास असेल, तर तो बहुधा कंपविकाराचा एक सौम्य, आनुवंशिक प्रकार असतो. थोड्या मद्याने तो तात्पुरता कमी होतो, म्हणून काही जण त्याचाच आधार घेऊ लागतात आणि दुसऱ्याच दुखण्यात अडकतात. यावर साधी, स्वस्त औषधे उपलब्ध आहेत. याउलट हात मांडीवर स्वस्थ असताना एकाच बाजूची बोटे सेकंदाला ४ ते ६ वेळा हलत असतील, बोटांच्या हालचाली मंदावल्या असतील, अक्षर बारीक होत चालले असेल, तर पार्किन्सनची शंका घ्यावी. बारीक काम करणाऱ्याला हा बदल लवकर जाणवू शकतो. ‘आता वय झाले’ म्हणून हत्यारे पेटीत बंद करण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञाला हात दाखवावा. लवकर निदान झाले तर औषध, व्यायाम आणि छंद, तिन्ही चालू ठेवता येतात.

डोळे, मान आणि पाते

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, तो आजार नव्हे. डोक्याला बांधायचे भिंग आणि बाजूने येणारा पांढरा प्रकाश यांनी काम सुकर होते. मात्र एकटक पाहताना पापण्या मिटणे कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी नजर वीस फुटांपलीकडे वीस सेकंद न्यावी. पांढरा रंग पिवळट दिसू लागला किंवा दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर मोतीबिंदूची तपासणी करावी. वाचनाचा चष्मा संरक्षण देत नाही. तार कापताना तुकडा उडतो, तेव्हा बाजू झाकणारा चष्मा लागतो.

माणसाचे डोके साधारण पाच किलोचे. मान जितकी पुढे झुकते, तितका मानेच्या मणक्यांवरचा ताण वाढतो. मान कामाकडे न नेता काम उंचावर घ्यावे. टेबलावर पेटी ठेवून तिच्यावर ट्रक ठेवला तरी पुरते. दर अर्ध्या तासाला उठून चार पावले चालावे. पायाला आणि पाठीला त्याची गरज असतेच, मधुमेही माणसाला तर विशेष.

पाते टेबलावरून घसरले, तर ते पकडायला हात किंवा मांडी पुढे करू नये. पडू द्यावे. बोट कापल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्येच उघडून पाहू नये. रक्त थांबल्यावर बोटाचे टोक वाकते का आणि स्पर्श कळतो का, हे पाहावे. यांपैकी एकही नसेल तर स्नायूबंध किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो. वरून जखम केवढीशी दिसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, उशिरा केलेली जोडणी तितकी चांगली बसत नाही. धनुर्वाताची लस घेऊन बराच काळ लोटला असेल तर तीही घ्यावी.

टेबल मांडण्यापूर्वी

समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असाव्यात. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ हे काम नको. बाटलीचे झाकण वापर होताच लावावे. बाटल्या मूळ वेष्टनात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात, पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीच ओतू नयेत. दमा, हृदयविकार किंवा गर्भावस्था असेल, तर द्रावक आणि फवारा टाळून पाण्यात मिसळणारे रंग व ब्रश वापरावेत. काम करताना डोके जड झाले, छातीत घरघर सुरू झाली किंवा हात बधिर होऊ लागला, तर काम थांबवून मोकळ्या हवेत यावे आणि लक्षणे गेली नाहीत, तर डॉक्टरांकडे जाताना वापरलेली बाटली सोबत न्यावी. तिच्यावरचे लेबल उपचाराची दिशा ठरवायला उपयोगी पडते.